खांदेरीला निघण्यापूर्वी
आमच्या होडीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी

बुकिंग करताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "होडी किती वाजता सुटते?" आम्ही उलट विचारतो, "त्या दिवशी तिथी कोणती?" लोकांना वाटतं मुहूर्त बघतायत. तसं काही नाही. खांदेरी हा समुद्रातल्या बेटावरचा किल्ला, आणि होडी सुटते ती अलिबागजवळच्या थळहून. थळचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की होडी चिखलात बसते. म्हणून भरतीच्या दीड तास आधी निघायचं आणि भरती ओसरायला लागून दोन तास होण्याच्या आत परत यायचं, हा आमचा साधा हिशोब.

भरतीची वेळ तुम्हालाही घरबसल्या काढता येईल. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास आणि आपण साडेसातला निघणार. दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा. षष्ठी-सप्तमीला भरती पहाटे येते आणि मग थेट संध्याकाळी, म्हणून त्या दिवसांत फेरी नसते. सुट्टी रविवारीच मिळते हे आम्हाला कळतं, पण समुद्राला रविवार कळत नाही.

एकदा चूक आमच्याकडूनही झाली आहे. पाहुण्यांनी फोटोसाठी "पाचच मिनिटं" म्हणत अर्धा तास काढला, आम्ही संकोचाने काही बोललो नाही, आणि परतताना थळच्या अलीकडे होडी गाळात रुतली. पुढची भरती येईपर्यंत सगळे तिथेच बसून. लहान मुलं रडकुंडीला आली होती. तेव्हापासून तांडेलाने (होडी चालवणाऱ्या प्रमुखाने) हाक मारली की फोटो अर्धवट राहिला तरी निघायचं, हा नियम आहे.

तीच उथळ वाट, साडेतीनशे वर्षांपूर्वी

हा हिशोब एवढा लांबवून सांगायचं कारण म्हणजे खांदेरीचा इतिहासही पाण्याच्या खोलीनेच घडवलाय.

मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळसमोर दोन बेटं आहेत. मोठं आणि किनाऱ्यापासून लांबचं ते खांदेरी, छोटं आणि जवळचं ते उंदेरी. इंग्रजांच्या जिभेला ही नावं वळली नाहीत. त्यांनी ती अनुक्रमे 'केनरी' आणि 'हेनरी' करून टाकली आणि तशीच नकाशांवर छापली. खांदेरीवर उभं राहिलं की मुंबईत शिरणारं आणि मुंबईतून निघणारं प्रत्येक जहाज दिसतं. शिवाजी महाराजांना हे बेट हवं होतं ते त्यासाठी, आणि इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघांनाही ते महाराजांकडे जाऊ द्यायचं नव्हतं तेही त्यासाठीच. बेटावर किल्ला बांधायचा १६७२ चा पहिला प्रयत्न थांबवावा लागला. मग १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरला नसताना, महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं.

सप्टेंबरात इंग्रजांनी बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग त्यांनी बेटाला वेढा घातला. त्यांची 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट, म्हणजे तोफांची युद्धनौका होती, सोबत गुराबा, शिबाडं, मचवे अशी तिच्याहून लहान जहाजं. मराठ्यांकडे तोडीचं एकही मोठं जहाज नव्हतं. होती ती वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबतं. १८ ऑक्टोबर १६७९ ला पहाटे साठाच्या आसपास गलबतं चौलच्या उत्तरेकडून इतक्या वेगाने चालून आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट सवड मिळाली नाही. अर्ध्या तासात 'डव्ह' नावाच्या गुराबेने शरणागती पत्करली, बाकीची छोटी जहाजं पळाली आणि 'रिव्हेंज' एकटी उरली.

इथून पुढचं सांगताना बरेच गाइड गाडी पळवतात. आम्ही थांबतो, कारण खरं तेच सांगावं. एकट्या 'रिव्हेंज'ने तोफांच्या जोरावर पाच गलबतं बुडवली आणि मराठ्यांच्या आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटलं. खाडीच्या तोंडाशी उथळ पाणी आलं आणि मोठ्या जहाजाचं काम तिथेच संपलं. त्या दिवसाचा विजय कोणाचा यावर वाद घालता येईल. पण त्यानंतरही काळोख पडला, वारा पडला की छोट्या होड्या किनारा धरून निघायच्या, शिडाची जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी असताना वल्ही मारत त्यांच्या मधून सटकायच्या आणि बेटावर धान्य, दारूगोळा पोचवायच्या. रसद तुटलीच नाही. तटाचं काम होत राहिलं आणि शेवटी इंग्रजांनी महाराजांशी समेट केला. खांदेरी स्वराज्यात राहिली.

सिद्दी मात्र गप्प बसला नाही. १६८० च्या जानेवारीत सिद्दी कासमने शेजारची उंदेरी बळकावली. एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात दोन वैऱ्यांची दोन बेटं! जाताना तांडेल होडी या दोहोंमधल्या पाण्यातून नेतो, तेव्हा अंतर डोळ्यांनी मोजून बघा.

पुढे मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ ला, मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा बेट इंग्रजांकडे गेलं. त्यांनी १८६७ मध्ये बांधलेलं दीपगृह आजही चालू आहे. १९९८ मध्ये त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं गेलं, हा काव्यगत न्याय आम्हाला फार आवडतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी आहे.

बेटावर काय बघाल

बेटाला दोन टेकड्या आणि मध्ये खोलगट भाग. धक्का त्या खोलगटाशी आहे. तटाचा पाया नीट बघा. मोठमोठे काळे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट येते, फटींत शिरते, आतल्या आत तिचा जोर मोडतो आणि पाणी फसफसत बाहेर येतं. भिंत भरीव असती तर तोच धक्का तिने सगळा अंगावर घेतला असता. पाच मिनिटं तिथे बसून ऐका. लाट आत जाताना एक आवाज असतो, बाहेर येताना दुसरा. तटावर चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफाही आहेत. गाड्यांसकट तोफ सहसा बघायला मिळत नाही, त्यामुळे त्यांवर बसून फोटो काढू नका.

वेताळाचं देऊळ हे कोळी लोकांचं जागृत ठाणं. शिमग्याच्या दिवसांत इथे होड्यांची गर्दी असते. चपला बाहेर, आवाज कमी.

आणि तो वाजणारा दगड. सगळे त्यासाठीच येतात म्हटलं तरी चालेल. दिसायला शेजारच्या इतर खडकांसारखाच, पण त्यावर लहान दगड आपटला की भांड्यावर मारल्यासारखा 'टण्ण' नाद निघतो. शेजारच्या खडकावर मारा, बद्द आवाज येईल. ठोकून ठोकून त्यावर खळगे पडले आहेत. म्हणून एक छोटा खडा आम्हीच बरोबर ठेवतो. एकाने हलकेच वाजवायचा, बाकीच्यांनी ऐकायचा.

पाण्याच्या काठावर

परतण्याआधीच्या शेवटच्या तासात पाणी उतरायला लागतं आणि खडक उघडे पडतात. त्यांवर कालवं असतात, कवचाच्या कडा ब्लेडसारख्या. तटाभोवतीचे दगड मुद्दाम टाकले होते, म्हणजे त्यांवर कालवं धरतील आणि उतरणाऱ्या शत्रूचे पाय फाटतील, असं इकडची जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं माहीत नाही, पण चप्पल घालून तिथे गेलेल्या पाहुण्याला ते पटतं. बूट घालूनच या.

डबक्यांत वाकून बघितलंत तर खेकड्यांची पिल्लं आणि समुद्रफुलं दिसतील. फुल म्हणतात, पण तो प्राणी आहे. बोटाने टोचू नका, पाकळ्या मिटून बसतो. काठावर काळपट राखाडी बगळा आणि शेजारी पांढराशुभ्र बगळा दिसला तर ते दोन वेगळे पक्षी समजू नका. समुद्री बगळा दोन्ही रंगांत असतो. तो एक पाय पाण्यात थरथरवतो, दचकून मासा हलला की चोच मारतो. वर घिरट्या घालणारी तांबडी पाठ आणि पांढरं डोकं म्हणजे ब्राह्मणी घार. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर दिवस सार्थकी लागला समजा, रोज दिसत नाही.

हिवाळ्यात कुरव (सीगल) होडीच्या मागे लागतात. मंडळी शेव-गाठ्या फेकतात, व्हिडिओ छान येतो. आमच्या होडीवर हे चालणार नाही. मीठ-तेल-बेसन हे त्यांचं खाणं नव्हे, आणि प्लास्टिकचं पाकीट हमखास पाण्यात जातं.

निघायच्या दिवशी

बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, त्यामुळे उतरण्याची परवानगी लागते. ती आम्ही काढतो, पण प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत चार दिवस आधी द्यावी लागते. बेटावर दुकान नाही, पिण्याचं पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी घ्या. टोपी घ्या. लाइफ जॅकेट आमच्याकडे आहेत आणि ती घालायची आहेत, मांडीवर ठेवायची नाहीत. होडी लागते त्यांनी निघताना पोट रिकामं ठेवू नये, भरगच्चही नको. दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी उसळतं, तेव्हा ज्येष्ठांना आणून दाखवायचं असेल तर सकाळची भरती असलेली तिथी निवडा. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात.

धक्क्यावर ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. कोणी मागे राहिलं असेल तर आम्ही दहा मिनिटं थांबतो, त्यापुढे पाणी थांबत नाही.