गुन्हेगारीची समाजशास्त्रीय मीमांसा

माणूस गुन्हा का करतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात किंवा रक्तात न शोधता त्याची वस्ती, संगत, आर्थिक स्थिती आणि त्याला लागू होणारा कायदा यांत शोधणारी विचारपद्धती. इटालियन वैद्य लोंब्रोझो याने १८७६ मध्ये कवटी-जबड्याच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो असे मांडले होते. ही मीमांसा त्याच्या नेमकी उलट टोकाची. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम याने तर १८९५ मध्ये गुन्हा ही निरोगी समाजातलीही नेहमीची बाब ठरवली. संतांचा मठ कल्पिला तरी तिथे किरकोळ चुकीचाही गहजब होईल, असे तो म्हणतो.

शिकागोत क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांनी न्यायालयाच्या दप्तरातून बालगुन्हेगारांचे पत्ते काढले आणि प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी नकाशावर एकेक ठिपका दिला. ठिपक्यांची दाटी शहराच्या मध्याजवळच्या पडक्या, भाडेकरूंच्या वस्त्यांत झाली. तिथले जर्मन-आयरिश जाऊन इटालियन आणि पोलिश आले, तरी दाटी हलली नाही. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने वंशाकडे बोट दाखवणाऱ्यांची पंचाईत केली.

रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये बोट ठेवले ते एका विसंगतीवर: श्रीमंत व्हा, हे सगळ्यांनाच सांगितले जाते, पण शिक्षण, नोकरी, भांडवल सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग काही जण ध्येय तेच ठेवून आडवाट धरतात. मात्र बहुसंख्य गरीब गुन्हे करत नाहीत, आणि सुखवस्तू करतात. इथे हे विवेचन तोकडे पडते. एडविन सदरलँडच्या मते गुन्हा जवळच्या माणसांकडून शिकला जातो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण त्याचेच सार. त्याने १९४९ मध्ये ७० बड्या अमेरिकी कंपन्या तपासल्या, तर त्यांच्याविरुद्ध ९८० निर्णय निघाले. ट्रॅव्हिस हर्शीने १९६९ मध्ये प्रश्नच फिरवला: बाकीचे गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा आणि कामधंद्याची बांधिलकी, हे त्याचे उत्तर.

हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये पुढे आणलेला शिक्क्याचा सिद्धान्त महाराष्ट्राला सर्वांत जवळचा. कृतीपेक्षा, समाजाने ‘गुन्हेगार’ म्हटल्याने माणूस त्या वाटेला ढकलला जातो, असे तो सांगतो. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती त्याच्या कचाट्यात सापडल्या. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबे राहत, हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. तिथे जन्मलेल्या मुलाने काही करण्याआधीच त्याची नोंद झालेली असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. चोरी झाली की पोलिसांची पावले अजूनही आधी पारध्यांच्या पालांकडे वळतात, ही या समाजांची जुनी तक्रार आहे.