आधी खरकटं, मग ऑक्टोपस
थंड समुद्रात डायव्हिंगला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुलगा-सून सिॲटलला, नाहीतर लेक व्हँकुव्हरला. चार-सहा महिने तिकडे राहायला जाणार, तर मालवणात शिकलेलं डायव्हिंग तिथं कामाला येईल का आणि तो मोठा ऑक्टोपस बघायला मिळेल का, ही चौकशी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात आता नेहमीची झाली आहे. मिळेल. फक्त तारकर्लीला उतरल्यावर जसे मासे आपणहून समोर येतात, तसं तिथं होत नाही.

त्या किनाऱ्यावरचा जायंट पॅसिफिक ऑक्टोपस हा जगातला सर्वांत मोठा ऑक्टोपस. वाढलेला प्राणी १५-२० किलोचा सहज भरतो, ५० किलोच्या आसपासचेही सापडले आहेत. एवढं धूड असून दिसत नाही, कारण त्याच्या अंगात हाडच नाही. कठीण म्हणावी अशी एक चोच; ती जिथून जाईल तिथून बाकीचं सगळं अंग मागोमाग जातं. दिवसा तो बहुधा दगडाखालच्या फटीत असतो, शिकारीला निघतो रात्री. कातडीचा रंग आणि खडबडीतपणा दोन्ही क्षणात बदलतो. तेव्हा प्राणी शोधत फिरू नका, त्याचं घर शोधा.

दारापुढचा ढीग

घर ओळखायचं ते खरकट्यावरून. ऑक्टोपस खेकडे आणि शिंपले घरात आणून खातो आणि कवचं दाराबाहेर टाकतो. मोठा दगड, बुडालेलं जहाज, धक्क्याचे जुने खांब, यांच्या बुडाशी असा ढीग दिसला की थांबा. कवचं आतून स्वच्छ, चकचकीत असतील तर मालक बहुतेक घरातच आहे. त्यांच्यावर शेवाळ चढलं असेल तर पुढं चला.

ढीग नीट बघायला शिका. खेकडा कात टाकतो तेव्हा पायांसकट अख्खं रिकामं कवच मागं राहतं; ऑक्टोपसनं खाल्लेल्या खेकड्याची पाठ वेगळी, नांग्या वेगळ्या पडलेल्या असतात. शिंपल्याला कधी जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं भोक दिसतं. ते त्यानं पाडलेलं असतं. त्यातून लाळेतलं विष सोडलं की शिंपला ढिला पडतो. भोक मोठं, गोल आणि कडेला उतरतं असेल तर ते मून स्नेल या गोगलगायीचं काम. नवखा डायव्हर इथंच फसतो आणि रिकाम्या वाळूत अर्धा सिलेंडर संपवतो.

ढीग ताजा असेल तर दगडाच्या फटीत टॉर्च सरळ न मारता बाजूनं धरा. अख्खा ऑक्टोपस दिसेल ही अपेक्षा नको. आधी दिसते ती चोषकांची, म्हणजे हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांची ओळ, कडेला चिकटलेली. मग एखादी आडवी बाहुली. प्राणी कसाही वळला तरी ती बाहुली आडवीच राहते. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे श्वास. दगड हलत नाही, स्पंज हलत नाही. हा मात्र फुगतो आणि बसतो, अंगाच्या बाजूची नळी उघडते-मिटते. आपण जागेवर निवांत राहिलो तर पुष्कळदा तोच एक हात बाहेर टाकून चाचपून बघतो. त्याच्या फटींवर वुल्फ ईल या लांबट माशाचाही डोळा असतो, तेव्हा आतून सुरकुतलेलं, दातवालं तोंड बाहेर आलं तर दचकू नका.

तळाशी बाटली पडलेली दिसली तर उचलण्याआधी आत डोकवा. तिथला छोटा लाल ऑक्टोपस अशा बाटल्यांत संसार थाटतो. त्याच्या डोळ्याखाली पापणीच्या केसांसारखे तीन उंचवटे असतात. मोठ्याच्या पिल्लाला ते नसतात.

हात लावायचा नाही. काठीनं डिवचायचं नाही, ओढून बाहेर काढायचं तर मुळीच नाही. फटीचं तोंड दगडांनी बुजवलेलं दिसलं आणि आत छताला पांढरट लडी लोंबताना दिसल्या तर फ्लॅश बंद करून मागं फिरा. मादी अंडी राखत असते. ते सहा-सात महिने ती काही खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. सिॲटलजवळच्या एका लोकप्रिय जागी २०१२ मध्ये एका डायव्हरनं ऑक्टोपस मारून नेला, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं ७ ठिकाणी त्याची शिकार बंद केली. तिकडचे लोक या बाबतीत हळवे आहेत, आणि ते बरोबरच आहे.

मेलबर्नच्या बाजूला जाणाऱ्यांना एकच सांगणं: तिथं निळ्या कड्यांचा बोटाएवढा ऑक्टोपस असतो. त्याच्या विषावर उतारा नाही. रिकामे शिंपलेसुद्धा हातात घेऊ नका.

गारठा

मालवणचं पाणी २७-२८ अंश. सिॲटलच्या प्युजेट साउंड या खाडीत वर्षभर साधारण ८ ते १३ अंश. बेळगावची डिसेंबरातली पहाट सोसणाऱ्याला वाटतं, त्यात काय! पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं. बोटं बधिर झाली की टॉर्चचं बटण सापडत नाही, हवा भराभर संपते आणि फटीसमोर थांबायचा धीर उरत नाही. त्यासाठी ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा, हवा धरणारा पोशाख. तो आम्ही इथं शिकवत नाही. तिथल्या डाइव्ह शॉपमध्ये वेगळा कोर्स करावाच लागतो. सूटच्या पायांत हवा शिरली की माणूस उलटा होऊन वर जातो, ते सावरायला शिकवून घ्या. रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र, थंड पाण्याचाच मागा. १० अंशांखाली साधा रेग्युलेटर गोठून हवा सुटतच राहू शकते.

तिथं भरती-ओहोटीची ओढ जबर असते. पाणी थांबतं तेवढ्याच वेळात उतरायचं. उन्हाळ्यात पाणी गढूळ, हिवाळ्यात स्वच्छ. गारठा सोसत असेल तर हिवाळाच निवडा.

आमच्याकडं तलावात जाड हातमोजे घालून मास्क रिकामा करण्याचा सराव आणि तळाच्या खोक्यात डोकं खाली करून, फिन न आपटता तरंगत राहण्याचा सराव होतो. गाळ उडाला की बघणं संपलं. विहिरीत मुटके मारत पोहायला शिकलेल्यांना हे स्थिर राहणंच जड जातं.

निघण्याआधी मालवणला एकदा उजळणी करून घ्या. पण दोन-तीन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढायचा नाही. डायव्हिंगनंतर लगेच विमानात न बसण्याचा नियम २००० फुटांपासून वरच्या उंचीला लागतो, आणि बेळगाव साधारण २५०० फुटांवर आहे. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास खालीच राहा. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण मालवणात उरकून निघालात तरी अंधार पडायच्या आत घरी पोचता.

महिनाभर आधी डायव्हिंगचं कार्ड, लॉगबुक (केलेल्या डाइव्हची नोंदवही) आणि ४५ च्या वर वय असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन ऑफिसला या. जवळचा चष्मा असेल तर नंबरही आणा. नंबरची काच बसवलेला मास्क मागवायला वेळ लागतो.