मुलाचे लहान झालेले बूट आईला का चालत नाहीत

हिवाळा आला की कमाटीबागेत पळणाऱ्या बायका वाढतात. वडोदरा मॅरेथॉनचे वारे वाहू लागलेले असतात. पण कितीतरी जणींच्या पायात मुलाचे लहान झालेले बूट दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘नंबर बसतो ना, मग झालं!’

नंबर बसतो तो लांबीचा. तेवढ्याच लांबीच्या पुरुषी पावलापेक्षा बाईची टाच सहसा अरुंद असते. पुरुषी साच्यावरच्या बुटात ती टाच मागून उचलली जाते, म्हणून नाडी करकचून बांधली जाते आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तळव्याखालचा फोम. बहुतेक बुटांत तो ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्याला ढोकळ्यासारखी जाळी असते, फक्त यातली प्रत्येक पोकळी बंद आणि वायूने भरलेली. हा फोम तीन टप्प्यांत दबतो. आधी पोकळ्यांच्या भिंती नुसत्या वाकतात. दाब वाढतो, पण फोम फारसा दबत नाही. एका ठरावीक दाबाला भिंती कोलमडू लागतात आणि मग थोड्याशा जादा दाबातही फोम पुष्कळ दबतो. धक्का जिरतो तो इथे, कारण पावलाला थांबायला जास्त अंतर मिळतं आणि जोर मात्र फार चढत नाही. शेवटी भिंतीला भिंत टेकते आणि फोम टणक होतो. आपलं पाऊल मधल्या टप्प्यात पडायला हवं.

आता हिशेब करू. धावताना दर पावलाला वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो. समजा, 75 किलोच्या पुरुषाचं पाऊल 26.5 सेंटिमीटर आहे आणि 50 किलोच्या बाईचं 24. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे तिचा तळवा त्याच्या 82 टक्के भरतो. वजन मात्र 67 टक्केच. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तिचा दाब त्याच्या जेमतेम 81 टक्के. फोम त्याच्या दाबाला जुळवलेला असेल, तर तिच्या पावलाखाली भिंती कोलमडतच नाहीत. ती पहिल्याच टप्प्यात पळत राहते आणि बूट कडक लागतो. वजन जास्त असेल तर उलट होतं: मऊ फोम तिसऱ्या टप्प्यात जातो. ‘लेडीज’ लिहिलेल्या प्रत्येक बुटात फोम वेगळा असतोच असं नाही, म्हणून दुकानात चार पावलं पळून बघाच.

ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट सुचवतात, त्यावर फार विसंबू नका. अमेरिकी सैन्याने नवशिक्या सैनिकांवर हे करून पाहिलं, दुखापती कमी झाल्या नाहीत. चुंबक बसवलेले सोल तर विकतच घेऊ नका. टाचदुखीवर त्यांचा उपयोग साध्या सोलपेक्षा जास्त होत नाही, हे 2003 सालीच ‘जामा’ या वैद्यक नियतकालिकातल्या चाचणीत दिसलं आहे.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळतानाचेच मोजे घाला आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. बाळंतपणानंतर पाऊल पुन्हा मोजून घ्या. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या वेळी, पावलाची कमान खाली येऊन लांबी वाढू शकते आणि ती वाढ पुष्कळदा कायम राहते. दोन्ही पाय मोजा, नंबर मोठ्या पायाचा घ्या.