ठिपका माशीवरच बसला पाहिजे का?

जळगाव-धुळ्याकडच्या रायफल बाळगणाऱ्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: रेड डॉटचा (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमसाधनाचा) ठिपका पुढच्या आयर्न साइटच्या (धातूच्या साध्या नेमसाधनाच्या) टोकावर, म्हणजे माशीवर, बसला नाही, तर झिरो (नेम आणि गोळीची जागा यांची जुळणी) चुकला. हा समज चुकीचा आहे. रेड डॉट आणि आयर्न साइट या दोन स्वतंत्र यंत्रणा असून प्रत्येकीचा झिरो निशाणावर गोळ्या झाडून वेगळा घ्यावा लागतो. ठिपका काचेच्या कडेला दिसला तरी, थोडा पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने ठिपका सरकल्यासारखा दिसणे) सोडल्यास, गोळी ठिपक्याच्या जागीच जाते.

रेड डॉट बंद पडल्यास कामी येणारी पर्यायी आयर्न साइट निवडताना खरा प्रश्न उंचीचा असतो. एआर-१५ या अमेरिकी घडणीच्या रायफलीत रेड डॉटचा माउंट (तो बसवण्याची बैठक) आयर्न साइटच्या उंचीचा असेल तर आयर्न साइट काचेच्या मधोमध दिसते, आणि थोडा उंच असेल तर खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे नजर मोकळी राहते. मला दुसरी रचना अधिक सोयीची वाटते. घडीच्या साइट एरवी आडव्या असतात, पण ऐनवेळी उघडाव्या लागतात; स्थिर साइटला तो खटाटोप नाही.

आपल्याकडच्या .३१५ बोअरच्या बोल्ट-अॅक्शन रायफलीला मात्र हे गणित तसेच लावू नये. तिच्या साइट बॅरलला चिकटून असतात, त्यामुळे वर बसवलेल्या रेड डॉटच्या काचेतून त्या बहुधा दिसतच नाहीत. तेथे सहज निघणारा माउंट घ्यावा आणि मूळ साइट काढू नयेत.