ओठाला उशिरा येणारी जाग

खालची अक्कलदाढ काढून आठवडा उलटला, टाके निघाले, सूज उतरली आणि मऊ भातावरून पोळीवर यायला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की दुखणे संपले असे घरचे धरून चालतात. परंतु काही रुग्णांना त्यानंतरही चहाचा कप तोंडाला लावताच कपाची कड अर्धीच आहे, उरलेली कुणीतरी तोडून नेली आहे, असा चमत्कारिक भास होत राहतो. कप धड असतो. खालच्या ओठाच्या एका बाजूकडून मेंदूला बातमी पोहोचेनाशी झालेली असते. हनुवटीला चिकटलेले भाताचे शीतही समोरच्याने सांगितल्यावरच कळते.

हे का घडते, ते जबड्याच्या रचनेत दडलेले आहे. खालच्या जबड्याच्या हाडात दाढांच्या मुळांखालून एक अरुंद बोगदा जातो. त्यातला मज्जातंतू खालच्या दातांची संवेदना वाहून नेतो आणि पुढे हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर येऊन ओठाला व हनुवटीला जाणीव देतो. साधारण १७ ते २५ या वयात उगवू पाहणारी अक्कलदाढ जागेअभावी तिरकी किंवा आडवी अडकली, तर तिची मुळे कधीकधी या बोगद्याला अगदी टेकलेली असतात, आणि अशी दाढ हाड कोरून, तुकडे करून काढताना तो तंतू ताणला किंवा दाबला जाऊ शकतो. ओठ हलवणारा मज्जातंतू मात्र वेगळा असल्यामुळे ओठ वाकडा होत नाही, शिट्टीसुद्धा वाजवता येते. म्हणूनच आरशात सारे ठीक दिसते आणि रुग्णाची तक्रार इतरांना चटकन पटत नाही.

जिभेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या संवेदनेचा तंतू अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हाडाला लागून जातो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव नेणारा एक बारीक धागाही त्याच्यासोबत असतो, जो पुढे वेगळा होऊन चक्क कानाच्या पडद्यामागून मेंदूकडे जातो. त्यामुळे इथे इजा झाली, तर बधिरतेच्या जोडीला त्या बाजूची चवही मंदावते.

भुलीच्या इंजेक्शनचा बधिरपणा सहसा तीन ते पाच तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ जड वाटत असेल, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे. घाबरण्याचे कारण बहुधा नसते, कारण अशी बधिरता बहुतेकांत तात्पुरती ठरते आणि कायमची राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. पण त्या दिवसाची नोंद पुढे उपयोगी पडते.

तुटलेल्या तंतूचे काय होते, हे ऑगस्टस वॉलर या संशोधकाने १८५० मध्ये दाखवले, तेही बेडकाच्या जिभेच्या नसा कापून. कापलेल्या जागेपलीकडचा तंतू हळूहळू विरून जातो, पण त्याच्याभोवतीची नळी शिल्लक असेल तर अलीकडच्या टोकातून नवा कोंब त्याच वाटेने पुढे सरकतो. पुढे १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या: नुसता धक्का बसून संदेश थांबणे, आतला तंतू तुटून नळी टिकणे, आणि सगळेच तुटणे. पहिल्या प्रकारात काही दिवसांत ते आठवड्यांत जाणीव परत येते. दुसऱ्यात कोंब दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे दाढेपासून ओठापर्यंतचे पाच-सहा सेंटिमीटर अंतर कापायला नुसत्या हिशेबाने दोन महिने, आणि सुरुवातीचा खोळंबा धरला तर त्याहून अधिक काळ लागतो.

या वाटेवरचा पहिला शुभशकुन गंमत म्हणजे त्रासदायक असतो: मुंग्या येतात, टोचते, हनुवटीवर टिचकी मारली की ओठात झिणझिण्या उठतात. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या नसांवर टिचक्या मारून फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये हेच लक्षण नोंदवले होते. मला विचाराल तर या काळात सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे कापसाची वात आणि कॅलेंडर. डोळे मिटून वात ओठावरून फिरवावी, जाणीव जिथे संपते त्या कडा कागदावर काढाव्यात, तारीख घालावी आणि दर पंधरवड्याला हेच करावे. बी-१२ च्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर त्या हव्यातच, पण नसताना त्यांनी तंतू भराभर वाढतो याला भक्कम पुरावा नाही. तीन महिन्यांत नकाशा जराही आक्रसला नाही, किंवा ओठात विजेसारखी जळजळ सुरू झाली, तर मुखशल्यचिकित्सकाला दाखवायला उशीर करू नये, कारण तंतू जोडण्याची शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती पहिल्या काही महिन्यांत अधिक फळते.

पहिल्या आठवड्यातले दुखणे याहून वेगळे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि तोंड तीन बोटांइतके उघडायला एक-दोन आठवडे लागू शकतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मात्र दुखणे कमी होण्याऐवजी कानापर्यंत ठणकू लागले आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर खळग्यातली रक्ताची गाठ निसटून हाड उघडे पडलेले असते. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरणे, थुंकणे किंवा स्ट्रॉने ओढून पिणे टाळायचे ते याचसाठी. सिगारेट तर नकोच, आणि आपल्याकडे मशेरी व तंबाखूचेही नाव आवर्जून घ्यावे लागते. डॉक्टर खळगा धुऊन लवंगतेलातल्या युजेनॉलची पट्टी भरतात आणि आराम बऱ्याचदा त्याच दिवशी पडतो. ताप, वाढती सूज किंवा गिळायला त्रास झाला तर मात्र वाट पाहू नये.

बधिर ओठाला गरम चहा पोळतो आणि ते कळतही नाही, म्हणून कप आधी चांगल्या बाजूला लावून पाहावा व जेवताना सावकाश चावावे. जाणीव परतताना बहुधा वेदना आणि थंड-गरम आधी कळू लागते, हलका स्पर्श त्यानंतर, आणि टोचणारी टोके एक की दोन ही पारख सर्वांत शेवटी येते. कपाची कड पूर्ण झाल्यावरही काही जण चहा पिऊन झाला की ओठाचा तो कोपरा रुमालाने टिपतातच.