पेन ड्राइव्ह बूट होत नाही? आधी बोलतंय कोण ते ओळखा

विंडोज किंवा लिनक्स टाकायला पेन ड्राइव्ह लावला आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ (ज्यावरून सुरू होता येईल असं साधन नाही) अशी ओळ उमटली की बहुतेक जण तोच पेन ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करतात, तीच फाइल पुन्हा त्यावर चढवतात आणि तीच ओळ पुन्हा वाचतात. मग दोष पेन ड्राइव्हचा, पोर्टचा, नाहीतर नशिबाचा. खरं तर ती ओळ बरंच काही सांगत असते, फक्त ती कोणाची आहे हे बघावं लागतं. विंडोज किंवा लिनक्स टाकताना पडद्यावर पाळीपाळीने तिघं बोलतात: मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम), पेन ड्राइव्हवरचा बूटलोडर (पुढचं सगळं सुरू करून देणारा) आणि शेवटी इन्स्टॉलर (विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर बसवणारा). फर्मवेअरच अडून बसलं असेल तर इन्स्टॉलरच्या फाइल्स तपासून उपयोग नाही. आणि तक्रार इन्स्टॉलरची असेल तर पेन ड्राइव्ह बूट झालेलाच आहे.

एखादं साधन बूटेबल आहे हे फर्मवेअरला कळतं कसं? बायोस म्हणजे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, त्याची रीत साधी होती. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली, तेव्हापासून बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचत आलं. त्यातले शेवटचे दोन बाइट षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए असले की पुढचामागचा विचार न करता सुरुवातीच्या ४४६ बाइटमधला कोड चालवायचा. मधल्या ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, नोंद. फाइल किंवा फोल्डर म्हणजे काय, याचा त्याला पत्ताच नसतो. आजच्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आलं आहे आणि त्याला फॅट ही फाइल व्यवस्था वाचता येते. ते पेन ड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर शोधतं, त्यात ‘बूट’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ती सापडली नाही की पेन ड्राइव्ह कितीही नवा असो, त्याच्या लेखी बूटेबल नाही.

म्हणूनच विंडोज किंवा लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडी-डीव्हीडीची सेक्टरगणिक, म्हणजे तुकड्यामागून तुकडा, उतरवलेली प्रत. ती फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर टाकणं म्हणजे शिवलेलं पोतं तसंच गिरणीत ठेवून पिठाची वाट बघणं. (व्हेंटॉय हे बूटेबल पेन ड्राइव्ह बनवणारं साधन अपवाद. त्याचा स्वतःचा बूटलोडर आयएसओ उघडून पुढचं काम करतो.)

इथे लिनक्सवाल्यांनी एक सुंदर युक्ती केली आहे. आयएसओ ९६६० या मानकात सीडीचे सुरुवातीचे ३२ किलोबाइट मोकळे सोडलेले असतात. त्या रिकाम्या जागेत त्यांनी बायोसला हवा असलेला पहिला सेक्टर बसवून टाकला. त्यामुळे उबंटू, डेबियन, फेडोराची आयएसओ सीडी म्हणूनही वाचता येते आणि डिस्क म्हणूनही. बलेना एचरसारख्या साधनाने जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवली तरी चालते. मायक्रोसॉफ्टच्या आयएसओत ही सोय नाही. तीच कृती विंडोजच्या आयएसओवर केली की उतरवणं बिनतक्रार पार पडतं आणि फर्मवेअरला मात्र काहीच दिसत नाही.

विंडोजची दुसरी अडचण आकाराची. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतात, त्यामुळे एकही फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या, म्हणजे साधारण ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. विंडोजच्या अलीकडच्या आयएसओमधली ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल बहुधा त्याहून मोठी असते. बरं, पेन ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल व्यवस्थेत फॉरमॅट करावा, तर अनेक यूईएफआयना ती व्यवस्था वाचताच येत नाही. रूफस हा पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम यातून वाट काढतो ती अशी: मोठं पार्टिशन एनटीएफएसचं, आणि शेवटी एक चिमुकलं फॅटचं, ज्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर असतो. फर्मवेअर आधी त्या चिमुकल्याकडे जातं, तिथून मोठ्याकडे. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल हीच फाइल जास्त दाबून ४ जीबीच्या आत बसवतं. ज्याला रूफसमधले पर्याय समजत नाहीत, त्याने सरळ हेच वापरावं असं माझं मत.

पेन ड्राइव्ह नीट बनला आहे, पण बूट मेनूत (कुठल्या साधनावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत) येत नाही? मग विंडोजच्या ‘शट डाउन’वर संशय घ्या. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर संगणक पूर्ण बंद होतच नाही, कर्नेलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर साठवून झोपतो. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की साधन निवडण्याचा पर्याय मिळतो. बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

‘सिक्युअर बूट’ म्हणजे मान्य डिजिटल सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय. तिचं नाव घेऊन काही आलं तर तो फर्मवेअरचा किंवा बूटलोडरचा सह्या तपासून दिलेला नकार असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर रद्दबातल ठरवले, आणि कालपर्यंत चालणारे पेन ड्राइव्ह ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत थांबू लागले. अशा वेळी ताजी आयएसओ आणणं हा खरा इलाज. सिक्युअर बूट बंद करणार असाल, तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कुलूपबंद राहू शकतो.

आता इन्स्टॉलर. ‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ हा संदेश आला की अनेक दुकानदार सगळी पार्टिशनं उडवून डिस्क एमबीआर (पार्टिशनांच्या नोंदीची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी) करून देतात. फोटो, हिशेब, सगळं गेलं. आणि बिघाड डिस्कमध्ये नव्हताच! पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला होता, इतकंच. बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो. ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं आहे तो निवडला की संदेश नाहीसा होतो, डिस्कला हात न लावता.

डिस्कच दिसत नसेल तर कारण वेगळं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसू शकतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो उतरवायचा, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबायचं. विंडोज ७ च्या काळात याहून मजेशीर प्रकार घडत असे. २०१५ च्या स्कायलेक पिढीत इंटेलने जुना यूएसबी २ चा कंट्रोलर काढला आणि विंडोज ७ च्या इन्स्टॉलरकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेल्या इन्स्टॉलरला तोच पेन ड्राइव्ह दिसेना, कीबोर्डही चालेना. सुरुवातीला फर्मवेअर स्वतःच्या ड्रायव्हरने वाचत होतं. सूत्रं इन्स्टॉलरकडे गेली आणि दुवा तुटला.

काम अर्ध्यावर, दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकत असेल तर आयएसओचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला अंक-अक्षरांचा क्रम) मूळ संकेतस्थळावरच्या ठशाशी ताडून पाहा. तो जुळला तर पेन ड्राइव्ह तपासा. स्वस्तातल्या ‘१ टीबी’ ड्राइव्हमध्ये कंट्रोलर धडधडीत खोटी क्षमता सांगतो आणि जागा संपल्यावर लिहिलेलं हवेत जातं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही साधनं अशी लबाडी पकडतात. आणि पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर घाबरू नका: पेन ड्राइव्ह लावलेलाच आहे आणि फर्मवेअर पुन्हा त्यावरूनच बूट झालंय. काढून टाका.

लिनक्स टाकून झाल्यावर ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये काही एमबीचाच दिसतो, तेव्हाही तो बिघडलेला नसतो. आयएसओबरोबर आलेली पार्टिशनं विंडोजला ओळखता येत नाहीत. डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनातला ‘क्लीन’ हा आदेश ती पुसतो आणि मग नेहमीसारखं फॉरमॅट करता येतं. मात्र डिस्कचा क्रमांक निवडण्याआधी यादीतला आकार नीट वाचा. क्रमांक ० ही बहुधा तुमची स्वतःची एसएसडी असते, आणि ‘क्लीन’ काहीही विचारत नाही.