ट्रकच्या काजळी-गाळकावर डिझेलच्या प्रतीचा परिणाम

डिझेल इंजिनाच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण अडवणारा गाळक ट्रकचालक आणि मेकॅनिक यांच्यात ‘डीपीएफ’ या नावानेच ओळखला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुराची बीएस-६ (भारत स्टेज-६) मानके लागू झाल्यावर तो बहुतेक जड वाहनांत आला. त्याच वेळी डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणली गेली, कारण गंधक जास्त असलेल्या इंधनावर ही यंत्रणा टिकत नाही.

गाळक सिरॅमिकचा असून त्यात आलटून पालटून एका टोकाला बंद केलेल्या बारीक नळ्या असतात. धूर त्यांच्या सच्छिद्र भिंतींतून पार होतो आणि काजळी मागे राहते. ती जाळून टाकण्याच्या क्रियेला पुनर्निर्मिती म्हणतात. इंजिनावर पुरेसा भार असेल, तर गाळकाआधीच्या उत्प्रेरकात तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड ती हळूहळू जाळतो. ते पुरेसे न झाल्यास जादा इंधन सोडून तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवावे लागते. गंधक नेमके या उत्प्रेरकावर घाला घालते: नायट्रोजन डायऑक्साइड कमी बनतो, काजळी साचत जाते, शिवाय गंधकापासून बनलेले सल्फेटचे कण धुरात भर घालतात. उच्च तापमानाला हा दोष अंशतः भरून निघतो.

मराठवाड्यात खरा प्रश्न शुद्धीकरण कारखान्यापेक्षा त्यापुढच्या प्रवासात आहे. या भागाला इंधन पुरवणाऱ्या मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात २०११ साली भेसळखोरांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. त्या काळी केरोसीनची भेसळ हा मोठा धंदा होता. केरोसीनमध्ये गंधक जास्त आणि वंगणगुण कमी असतो, त्यामुळे उच्चदाब पंप व इंजेक्टर झिजतात, फवारा बिघडतो आणि काजळी वाढते. बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलात उतरलेले पाणीही इंजेक्टरला तितकेच घातक असते. बायोडिझेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या परवानाबाह्य मिश्रणांतून सोडियम, पोटॅशियमसारखी खनिजे येऊ शकतात, आणि त्यांची राख कोणत्याही तापमानाला जळत नाही.

ऊसवाहतुकीत हा दोष अधिक लवकर दिसतो. कारखान्याच्या यार्डात रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या ट्रकचा धूर थंड राहतो. काजळी आपोआप जळण्याची संधी तेथे जवळजवळ नसते, त्यात इंधन निकृष्ट असेल तर इशारादर्शक दिवा वारंवार लागतो. जादा इंधन सोडून केलेल्या सक्तीच्या पुनर्निर्मितीत डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करू शकतो, ही बाजू गाडीमालकांकडून सहसा दुर्लक्षित राहते.

दोष इंधनाचाच असे मानण्यापूर्वी ऑइल तपासावे लागते, कारण गाळकात साचणाऱ्या राखेचा मोठा भाग ऑइलमधील कॅल्शियम, जस्त आणि फॉस्फरस यांपासून येतो. साचलेली राख गाळक उतरवून उलट्या दिशेने हवेचा झोत देऊन काढता येते. मात्र अतिसाचलेली काजळी एकदम पेटून सिरॅमिकला तडा गेल्यास गाळक बदलण्यावाचून इलाज नसतो.